पाहुण्यांची भिंत

तिसगावात विमलबाईच्या घरून कुणी चहा न घेता गेलं, असं सांगणारा माणूस बेलाशक खोटारडा समजावा. मीटर बघायला आलेला वायरमन, लस टोचायला आलेली नर्सबाई, एवढंच काय, दुसऱ्याचं घर विचारत चुकून दारात आलेला माणूससुद्धा तिच्या ओट्यावर बशीभर चहा पिऊनच उठायचा. घरात साखर नसली तर गुळाचा मिळायचा, पण मिळायचा. आणि पाहुणा मुक्कामाला असला मग तर विचारूच नका. त्यानं जेवून स्वतःचं ताट उचललं, तर विमलबाईला चारचौघांत नाक कापल्यासारखं व्हायचं. नवरा कचरू बाजारात हमाली करायचा, ती स्वतः पुंजाराम मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी कामाला जायची. दिवसभर वाळू-विटा वाहून संध्याकाळी मान वळायची नाही. पण पाहुण्यापुढं विमलबाई थकलेली दिसली, असं कधी झालं नाही.

अशा बाईच्या दारात परमुलखातली पोरं येणार म्हटल्यावर पुढं काय होईल, हे हायस्कुलातल्या शामकांत सरांनी आधीच ओळखायला हवं होतं. पण सर पडले इंग्रजीचे. व्याकरण पक्कं, माणूस सालस, सगळं लक्ष पत्रव्यवहारात. दोन वर्षं पत्रं पाठवून पाठवून त्यांनी डेन्मार्क नावाच्या देशातल्या एका शाळेशी सूत जमवलं होतं. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. ठरलं ते असं, की तिकडची पंधरा-सोळा वर्षांची डझनभर पोरं जानेवारीत तिसगावात येतील, दोन आठवडे राहतील आणि बौद्ध वस्तीत समाजमंदिराशेजारी बालवाडीची एक खोली आपल्या शाळेतल्या पोरांबरोबर बांधतील. मग मे महिन्यात आपली सहा पोरं विमानात बसून त्यांच्याकडं जातील आणि तिथंही गावाच्या उपयोगाचं काहीतरी काम करतील. जाण्यायेण्याचा भार तिकडची एक संस्था उचलणार होती. अट एकच. काम दोन्हीकडच्या पोरांनी मिळून करायचं. नुसतं येऊन, हार घालून घेऊन, फोटो काढून जायचं नाही.

त्या सहांत विमलबाईची जयमाला होती. नववीत होती, अंगानं काटकुळी, पण कामाला वाघीण. पोलिओच्या डोसाच्या रविवारी वस्तीतली एकूण एक लेकरं तिनं कडेवर मारून केंद्रावर नेली होती. एक बेरकी कार्टं ज्वारीत लपलं, तर तिथून ओढून आणलं. सरांनी तिचं नाव सगळ्यांत आधी काढलं, त्यात नवल नव्हतं.

ही बातमी विमलबाईनं गावात कशी सांगितली, ते ऐकायला पाहिजे होतं. मेथीची जुडी घ्यायला जायची आणि भाजीवालीला म्हणायची, "माझ्या मायनं नगर बघितलं न्हाई. मी पुनं बघितलं न्हाई. आन माझी लेक इमानात बसनार हाय बया!" मेथी तिथंच राहायची आणि बाई रिकाम्या हातानं घरी यायची. रात्री पोर झोपली की तिच्या पायांकडं बघत बसायची. हे पाय त्या लांबच्या मुलखात चालणार, याचं तिला कोण कौतुक वाटायचं.

आणि ती पोरं आली. धुळीनं माखलेल्या एसटीतून एकेक गोरंपान, ताडमाड लेकरू पाठीवर ओझं घेऊन उतरलं. त्यांच्याबरोबर त्यांच्या शिक्षिका होत्या, कारेनबाई. पन्नाशीच्या, बुटक्या, सडेतोड. हार झाले, भाषणं झाली, पोरांनी सगळ्यांना "जय भीम" म्हणून दाखवलं आणि वस्तीनं असा टाळ्यांचा कडकडाट केला की पारावरची कुत्री पळाली. मुक्कामाला एकेक जण एकेका घरी दिला होता. विमलबाईच्या वाट्याला सोफी आली. जवसाच्या फुलासारखे निळे डोळे, नाकावर तीळच तीळ, आणि दारातून आत येताना रोज न चुकता चौकटीला कपाळ आपटून घ्यायची.

विमलबाईची सासू भीमाबाई तेव्हा सत्तरीला टेकली होती. दिसायला कमी झालं होतं, बोलायला नाही. तिनं सोफीचा हात हातात घेऊन चाचपला आणि सुनेला विचारलं, "ही पोर इटा वाहनार?"

"तसं म्हनत्यात सर."

"गोरी पोर? आपल्या वस्तीत? आपल्यासाठी?" भीमाबाईचा चेहरा असा उजळला की दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. "माझा सासरा गोऱ्या सायबाच्या घोड्यापुढं पळत त्याचं सामान वाहायचा. ह्या गावातून त्या गावात. ना दाम, ना भाकर. पाय सुजायचं त्याचं. आता मला हे डोळं भरून बघायचंय. माझं बसकुर त्या जोत्याशेजारी टाक."

"आत्याबाई, ती इंग्रजांची न्हाईत. दुसऱ्या देशाची हायेत."

"गोरं ते गोरं," म्हातारी म्हणाली आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. पुंजाराम मिस्त्रीनं जोतं आधीच भरून ठेवलं होतं. भिंती विटांच्या, जोड मातीच्या गाऱ्याचा, बाहेरून विटांच्या फटींत सिमेंटच्या दरजा, वर पत्रे, असा साधा हिशेब. सोफीनं बाह्या सारल्या, घमेल्यात विटा रचल्या आणि घमेलं उचललं. उचललं मात्र, विमलबाई धावतच आली.

"आगं आगं, ठिव! ठिव खाली! कंबर मोडंल तुझी!" घमेलं तिनं हिसकावून घेतलं आणि दुसऱ्या हातानं सोफीला धरून कडुलिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं.

एकीनं केलं की दुसरी करतेच. वस्तीतल्या साऱ्या बायकांना जणू चेवच आला. एकेका पाहुण्याच्या हातातलं फावडं, घमेलं, पाट्या काढून घेतल्या. कुणीतरी मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या. चहा आला, केळी आली. मूळ गावातले लोक बघायला आले, त्यांनाही वाटलं आपण मागं का राहावं. त्यांनी दुपारी हुरड्याला नेलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या. तिसऱ्या दिवशी कुणी बैलगाडीतून फेरी मारून आणली. पाहुणी पोरं खुर्च्यांवर ओळीनं बसायची आणि समोर बायाबापड्या, आपली शाळेतली पोरं, घामाघूम होऊन भिंत चढवायची. मधेच एखादा डॅनिश पोरगा चोरून वीट उचलायचा, की लगेच चार जणी ओरडायच्या.

विमलबाईनं तर कहर केला. पाहुणे उठायच्या आत जेवढं उरकता येईल तेवढं उरकावं, म्हणून तिनं पाचसहा जणींना हाताशी धरून झुंजुमुंजूलाच काम सुरू केलं. पुंजारामलाही अंथरुणातून काढलं. सोफी डोळे चोळत येईपर्यंत मागच्या भिंतीचे आणखी चारपाच थर चढलेले असायचे.

"आये," जयमाला तिच्यामागं भुणभुण लावायची, "सर म्हनत हुते, काम त्यांनी करायचंय. आमच्यासंगं."

"सर म्हनतील. सरांच्या घरी पावने न्हाईत."

"आगं पर त्यासाठीच आलीत ती."

"तू गप. ती त्यांच्या आयांची लेकरं हायेत. माझ्या दारात त्यांच्या हाताला फोड आला, तर ती माय मला काय म्हनंल?"

जयमाला घमेलं उचलून कामाला लागायची. भीमाबाई तेवढी बसकुरावरून चडफडायची. "मी हितं बघायला बसले, आन ही बया बघूच दीना! सटवे, तीस वर्सं वाट बघितली असंल मी!"

पाचव्या दिवशी दुपारी शामकांत सर विमलबाईच्या दारात आले. चप्पल काढली नाही, ओट्याच्या कडेला उभेच राहिले.

"विमलबाई, जरा बोलायचं होतं."

"बसा की सर. च्या ठिवते."

"चहा नको."

चहा नको म्हटल्याबरोबर विमलबाईला कळलं, काहीतरी वाईट झालंय.

"कारेनबाई नाराज आहेत," सर म्हणाले.

"काय कमी पडलं? तिखट लागलं का पोरास्नी?"

"कमी काही पडलं नाही हो. जास्त झालं." सरांनी चष्मा पुसला, परत घातला. "ही मुलं तिकडं वर्षभर लोकांच्या मोटारी धुऊन, घरोघरची कामं करून इथं आलीत. राबायला आलीत. आणि आपण त्यांना खुर्चीत बसवून केळी चारतोय. काल त्यांच्यातला एक मुलगा बाईंना म्हणाला, आपण इथं लग्नाला आलोय का?"

विमलबाई उसळली. "मंग काय पावन्याच्या डोक्यावर घमेलं देऊ म्हनता? लोक तोंडात शेन घालतील माझ्या!"

"द्यावं लागेल. नाहीतर..." सर अडखळले. इंग्रजी बोलताना ते मनात वाक्य मांडून, तपासून मग बोलायचे. आज मराठीतही तसंच करत होते. "नाहीतर मे महिन्यात आपली मुलं जाणार नाहीत. बाईंना त्यांच्या संस्थेला खरं ते सांगावं लागणार. खोली गावानं बांधली, मुलांनी नाही. मग संस्था आपल्या मुलांना कशासाठी बोलावेल? बाई वाईट नाहीत हो, त्यांनाही रडू येत होतं. पण खोटं सांगायचं कसं?"

विमलबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती काही बोलणार तेवढ्यात तिला दिसलं, जयमाला दारात उभी आहे. तिनं सगळं ऐकलं होतं. एरवी फाडफाड बोलणारी पोर, पण तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी सांगत हुते तुला, आये. रोज सांगत हुते. तुझा पाहुणचार झाला, आन माझं जानं गेलं."

एवढं बोलून ती आत गेली आणि वाकळेवर पालथी पडली. सर निघून गेले. कचरू संध्याकाळी आला, त्याला कळलं, त्यानं बायकोकडं नुसतं पाहिलं आणि बिडी पेटवून बाहेर बसला. भला माणूस तो. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर विमलबाईला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी तिला काही सुचेना. आपण काय वाईट केलं? माया केली. मायेनं कुणाचं वाईट होतं का? आणि झालंच, तर आपल्याच लेकराचं का व्हावं? भाकरी थापताना दोन करपल्या. जेवणं झाली, तशी ती खरकटं टाकायला घरामागं गेली आणि थबकली.

मोरीपाशी सोफी उकिडवी बसली होती. उकिडवं बसायची सवय नाही, गुडघे कानापर्यंत आलेले, आणि ती राखेनं आपली ताटली घासत होती. विमलबाईला पाहिल्याबरोबर तिनं ताटली पाठीमागं लपवली. चोरी करताना सापडल्यासारखी कावरीबावरी झाली बिचारी.

विमलबाईचा हात सवयीनं पुढं गेला. तिनं ताटली धरली. सोफीनं सोडली नाही. ही ओढते, ती ओढते. आणि ओढता ओढता त्या थोराड पोरीच्या निळ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं आणि ती भडाभडा काहीतरी बोलायला लागली.

"जयमाले! आगं, हिकडं ये! बघ काय म्हनती ही!"

जयमाला फुरंगटून आली, पण सोफीला रडताना पाहून राग विसरली. दोघींचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत थोडं झालं, थोडं हातवाऱ्यांनी झालं. मग जयमाला आईकडं वळली.

"ती म्हनती, घरी मी माझ्या आईला भांडी घासू लागते. हितं सगळी माझ्यावर लई माया करत्यात. पर माझा कुनाला उपेग न्हाई. मला घरची आठवन येती. मला जावंसं वाटतंय."

विमलबाई सोफीशेजारी खाली बसली. ताटलीवरचा हात तसाच राहिला.

तिला एकदम घोडेगावाहून लग्न होऊन आली ते दिवस आठवले. पंधरा वर्षांची होती. अंगाची हळद उतरेपर्यंत नव्या नवरीनं काम करायचं नाही, म्हणून तिला कोपऱ्यात पाटावर बसवून ठेवलं होतं. ज्या बाईनं यावं तिनं तोंड बघावं, गोड बोलावं, चहा पुढं करावा. कुणी वाकडं बोललं नाही, आणि तरी त्या कोपऱ्यात ती पदर तोंडात कोंबून रडायची. सगळं घर तिच्याभोवती कामं करत होतं आणि ती त्यात कुठंच नव्हती. पाचव्या की सहाव्या दिवशी भीमाबाई दारातून खेकसली होती, "ए पोरी, बसलीस काय देवीसारखी! हंडा घे, पान्याला चल!" आणि ती अशी धावली होती की पायातली जोडवी निसटली. सासू ओरडली म्हणून आनंद झालेली सून दुनियेत दुसरी कुणी असेल का? पण झाला होता. त्या दिवसापासून ते घर तिचं झालं होतं.

आणि आपण ह्या पोरीला पाच दिवस पाटावर बसवून ठेवलं.

विमलबाईनं ताटली सोडली. पदरानं सोफीचं तोंड खसाखसा पुसलं. मग उठली, घरात गेली, चुलीवरची काळीकुट्ट कढई घेऊन आली आणि सोफीपुढं आपटली.

"घे! ही बी घास. बुडाचं काळं निघालं पायजे!"

जयमालाला ते इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही. सोफी रडता रडता हसायला लागली. आतून भीमाबाईचा आवाज आला, "आता कसं बोललीस!"

कढईचं झालं, पण भिंतीचं काय? रात्रभर विमलबाई त्या खोलीचा विचार करत राहिली. चारी भिंती उभ्या. राहिलं काय, तर पत्रे आणि जमीन. तेवढ्यानं कुणाचं समाधान होणार? उजाडताच तिनं कंबरेला पदर खोचला, कामावर गेली आणि कालच पुरी केलेली मागची भिंत वरून काढायला लागली. गारा मातीचा, अजून ओला. दरजा भरायच्या राहिल्या होत्या. वीट हलवली की निघत होती.

पुंजाराम मिस्त्री दात घासत आला आणि त्याच्या तोंडातली कडुलिंबाची काडी खाली पडली.

"वयनी! येड लागलं का काय तुमास्नी? उभी भिंत पाडायली!"

"पाडीत न्हाई. परत करते."

"कुनाला?"

"जिची हुती तिला. मिस्त्री, उगं बघत नका बसू, खालून इटा झेला."

"आवं पर चांगली ओळंब्यात हाय की वं भिंत!" पुंजारामला आपल्या कामाचा भारी जीव. "रातच्याला जेवताना काय खाल्लंत तुमी? अती तितं माती म्हनत्यात, ती हीच!"

"व्हय, अतीच केलं मी. म्हनून तर काढते."

ओरडाआरडा ऐकून वस्ती गोळा झाली. ज्या बायकांनी झुंजुमुंजूला उठून ती भिंत घातली होती, त्यांच्या जिवावर आलं, एकदोघी चिडल्याही. विमलबाई त्यांना म्हणाली, "तुमची पोरं जाऊ द्यायचीत ना परदेशाला? मंग लागा हाताला." जयमालाखेरीज त्या सहांतली आणखी दोन पोरं त्याच वस्तीतली होती. त्यांच्या आया पुढं आल्या.

कारेनबाई आणि शामकांत सर धावत पोचले, तोवर भिंत कमरेइतकी खाली आली होती. कारेनबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं, आपण रागावलो म्हणून या लोकांनी बालवाडीच मोडायला काढली.

"सर, त्यांना सांगा," विमलबाई विटांच्या ढिगावर उभी राहून म्हणाली. तिची मान ताठ होती. "सांगा, की ही भिंत आमी चोरली हुती. त्यांच्या पोरांची हुती, ती उठायच्या आत आमी बांधली. आमच्यात पावन्याला काम सांगत न्हाईत. त्यात आमाला कमीपना वाटतो. पर ही पोरं पावनी म्हनून न्हाई आली, हे मला उशिरा कळलं. चूक माझी. माझ्या चुकीपायी माझ्या लेकीला न्हाई म्हनू नका. अजून आठवडा हाय. भिंत घ्या आन बांधा."

सरांनी या वेळी वाक्य तपासलं नाही. जसं आलं तसं सांगून टाकलं; काळ चुकले असतील, क्रियापदं सांडली असतील. कारेनबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी मागं वळून आपल्या पोरांना काहीतरी एकच शब्द सांगितला आणि ती सगळी पोरं, शाळा सुटावी तशी, विटांवर तुटून पडली.

त्यानंतरचा आठवडा पुंजाराम मिस्त्री जन्मात विसरणार नाही. एकाला ओळंबा कळेना, दुसरा गारा अंगाला जास्त आणि भिंतीला कमी लावी. जयमाला आणि सोफी एका थराला बसायच्या, एक गारा पसरायची, एक वीट ठोकायची, आणि दोघींचं मधेच कशावरून तरी फिसकन हसणं सुरू व्हायचं. पुंजाराम अस्सल नगरी शिव्या हासडायचा आणि त्या पोरांना वाटायचं आपल्याला शाबासकी मिळतेय. हातांना फोड आले, ते फुटले, विमलबाईनं त्यांना हळद-तेल लावलं आणि परत कामाला पिटाळलं. तिच्या जिवाला चटके बसायचे, खोटं कशाला बोला. पोर वाकून घमेलं उचलायची आणि हिचा हात आपोआप पुढं जायचा; मग ती तोच हात दुसऱ्या हातानं धरून उभी राहायची.

भीमाबाई बसकुरावर बसून सगळं बघत होती. एकदा सोफी घमेलं घेऊन तिच्या समोरून जाताना म्हातारीनं तिला थांबवलं आणि तिच्या मातीनं भरलेल्या पावलांना हात लावला. "माझ्या सासऱ्यानं हे बघायला पायजे हुतं," म्हणाली आणि बराच वेळ डोळे टिपत राहिली. "जा आता. वज्जं जड हाय, उभी राहू नको."

भिंत मधे थोडी पोट सुटल्यासारखी फुगली ती फुगलीच. पुंजारामनं ती सरळ करायला घेतली, तर कारेनबाईंनीच अडवलं. निघायच्या आदल्या दिवशी पत्रे चढले, वस्तीतली कच्चीबच्ची आत शिरून किंचाळली आणि बालवाडी सुरू झाली, असं सगळ्यांनी मानलं. कारेनबाईंनी सरांचा हात हातात घेऊन सांगितलं, मे महिन्यात सहाही मुलं यायची. जयमाला सोफीच्या घरी राहील.

एसटी सुटायच्या वेळी कारेनबाई विमलबाईला शोधत आल्या. सरांना मधे घेऊन म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. तुमच्या मुलीला आमच्याकडं काही म्हणजे काही त्रास होणार नाही. तिला फुलासारखी जपू."

"जपू नका," विमलबाई म्हणाली.

सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सांगा सर त्यांना. फुलासारखं ठिवलं तर रडंल माझी लेक. ती पोचली की त्याच दिवशी तिला काम सांगा म्हनावं. झाडून घे म्हना, भांडी घास म्हना, सोफीच्या आईनं एकदा वरडावं बी. म्हंजी तिला करमंल." कारेनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढं होऊन तिला घट्ट मिठी मारली. सोफी तर सोडायलाच तयार नव्हती. एसटीच्या दारातही तिनं कपाळ आपटून घेतलं.

मग फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पासपोर्टाच्या चौकशीला आलेला हवालदार चहा, पोहे आणि वर परत चहा घेऊन गेला. कचरूनं बाजारातून लाल रंगाची बॅग आणली. उन्हं तापली, नववीची परीक्षा झाली, आणि जायचा दिवस आठवड्यावर येऊन ठेपला.

त्या दिवसांत जयमालाच्या एक गोष्ट ध्यानात यायला लागली. सकाळी ती उठायची तर अंगण झाडलेलं असायचं. हंडे भरलेले. ताटावर बसायची तर आई दुधावरची साय वाढायची आणि हात धुवायला पाणी आणून द्यायची. ती कपडे धुवायला निघाली, तर बादली रिकामी; आईनं कधीच दोरीवर वाळत घातलेले. काही करायला उठलं की, "बस, बस. मी करते." संध्याकाळी विमलबाई बिगारीवरून मान मोडून यायची, आणि तशीच चुलीपुढं बसायची. जयमाला जवळ आली की म्हणायची, "हात काळं हुतील तुझं. तितं जायचंय."

शेवटी एका संध्याकाळी पोरीचा बांध फुटला. आई परातीत बाजरीचं पीठ मळत होती. जयमाला समोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात कंबरेवर.

"आये, मी अजून गेलेली न्हाई."

"आँ?"

"मी हितंच हाय. ह्याच घरात. मला पावनी का केलंस तू?"

विमलबाईचे हात परातीत थांबले. तिनं मान वर केली. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाहून तिच्या ध्यानात आलं, की गेले कितीतरी दिवस आपण या पोरीला मनातल्या मनात एसटीत बसवून, विमानात बसवून, लांब पाठवून मोकळ्या झालोय. ती जायच्या आधीच आपण तिला घालवून बसलोय. लई भ्यालो होतो आपण. ती परत येईल ना, आलीच तर आपलीच असेल ना, ह्याच भीतीनं तिच्या हाताला काही लागू देत नव्हतो. हे तिला आता कळलं आणि पिठाच्या हातांनीच तिनं तोंड झाकून घेतलं. रडली, चांगली हुंदके देऊन रडली. जयमाला तिला बिलगून बसली. म्हातारी बाहेरून विचारत राहिली, काय झालं, कोन रडतंय.

मग विमलबाईनं नाक पुसलं. कपाळावर, गालावर पीठच पीठ. ती चुलीपुढून बाजूला सरकली आणि परात लेकीकडं ढकलली.

"बस. तवा तापलाय कवाचा. आन भाकरी पातळ थाप, मागल्या खेपेला जाड झाल्त्या."